बारा योजनांवरचा वारा

अमुक एक शोध आपल्या प्राचीन ग्रंथांत आधीच नमूद आहे, पाश्चात्त्यांनी तो मागाहून लावला, असे सांगणारा एखादा तरी गृहस्थ प्रत्येक मोठ्या कुटुंबात असतोच. पूर्वी तो जेवणानंतर सुपारी कातरता कातरता हे सांगे. आता तेच वाक्य मोबाइलवरून सकाळच्या नमस्काराबरोबर घरोघर पोहोचते. त्याच घरात, त्याच पंक्तीला दुसरा एखादा तरुण बसलेला असतो. संस्कृतात जे काही लिहिले गेले ते सारे टाकाऊ, असे त्याचे मत असते. या दोघांचा वाद आम्ही पुष्कळ वर्षे ऐकत आलो आहोत. मूळ ग्रंथ उघडून पाहावयाचा नाही, एवढ्या एका बाबतीत मात्र दोघांचे एकमत असते. या महिन्यात वाचकांपुढे आम्ही असे एक उदाहरण ठेवीत आहोत की, ते ऐकून प्रथम पहिल्या गृहस्थास हर्ष व्हावा, आणि शांतपणे विचार केल्यावर दोघांनाही आपापली जागा थोडी सोडावी लागावी. उदाहरण वाऱ्याचे आहे, आणि त्याचे एक टोक आपल्या कोल्हापुरातच आहे.

भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, ‘सिद्धांतशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. त्यातील गोलाध्यायात पृथ्वीभोवतीच्या वायूंचे वर्णन आले आहे. आवह, प्रवह, उद्वह, संवह, सुवह, परिवह आणि परावह असे सात वायू एकाच्या वर एक कल्पिले असून, पहिला जो आवह तोच भूवायू होय. हा भूवायू पृथ्वीपासून बारा योजनांपर्यंत पसरलेला आहे. मेघ, विद्युत इत्यादी जे काही घडते ते त्याच्याच पोटात घडते. त्याच्यावर प्रवह वायू असून तो ग्रहनक्षत्रांस घेऊन अखंड पश्चिमेकडे फिरतो, असे आचार्य सांगतात.

आता बारा योजने म्हणजे किती? याच ग्रंथात पृथ्वीचा परिघ ४९६७ योजने दिला आहे. आजच्या मोजणीने तो सुमारे ४०,००० किलोमीटर भरतो. भागाकार केला की एक योजन आठ किलोमीटरांहून किंचित अधिक येते, आणि बारा योजने म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर होतात. वास्तविक पृथ्वीचे वातावरण कोणत्याही एका रेषेवर संपत नाही. ते हळूहळू विरळ होत जाते. तथापि व्यवहारासाठी अंतराळाची सीमा कोठेतरी मानावी लागते, आणि आंतरराष्ट्रीय वैमानिक महासंघ ती १०० किलोमीटरांवर मानतो. साडेआठशे वर्षांपूर्वीचे ९७ आणि आजचे १००! सुपारी कातरणाऱ्या गृहस्थास याहून अधिक काय पाहिजे?

परंतु घाई करू नये. आधी त्या उंचीवर आज काय मोजले जाते आणि कसे मोजले जाते, ते पाहू.

शाळेच्या भूगोलात वातावरणाचे थर आपण सर्वांनीच पाठ केलेले असतात: तपांबर, स्थितांबर, मध्यांबर, आयनांबर. पाठ करताना हे चार थर सारखेच परिचित वाटतात. प्रत्यक्षात तसे नाही. हवामान खात्याचे फुगे पस्तीस-चाळीस किलोमीटरांपर्यंत जाऊन फुटतात. कृत्रिम उपग्रहास दीडशे किलोमीटरांच्या खाली टिकाव धरता येत नाही. तेवढी विरळ हवासुद्धा त्याचा वेग खाऊन टाकते. केरळातील थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी आपल्या देशातून पहिला अग्निबाण सुटला; तसले अग्निबाण या मधल्या प्रदेशातून जातात खरे, पण काही मिनिटांत जाऊन येतात. पाहुणा ओसरीवर पाय ठेवून निघून जावा, आणि त्याने घरची हकिकत सांगावी, तशातला तो प्रकार. साठ ते शंभर किलोमीटरांच्या या पट्ट्यात रात्रंदिवस, बारा महिने काय चालते, हे कळण्यास जमिनीवरूनच काही उपाय हवा होता.

तो उपाय म्हणजे रडार. रडार म्हटले की विमाने हुडकणारे यंत्र डोळ्यांपुढे येते. परंतु विमानाचा शोध लावण्याच्या पुष्कळ आधी ही युक्ती आकाशाची चौकशी करण्याकरिताच वापरली गेली. १९२४ मध्ये इंग्लंडात ॲपलटन आणि बार्नेट यांनी रेडिओच्या लहरी वरच्या विद्युद्भारित थरावरून परत येतात, हे प्रयोगाने दाखविले. १९२५ मध्ये अमेरिकेत ब्राइट आणि ट्यूव्ह यांनी लहरींचा एक क्षणिक ठोका वर पाठवून त्याचा प्रतिध्वनी किती वेळाने येतो, हे मोजले. ॲपलटन यांना १९४७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी कलकत्त्यात शिशिरकुमार मित्र यांचा वरच्या वातावरणावरील मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला; अनेक देशांतील विद्यार्थी त्यावर या शास्त्राचे धडे गिरवीत असत. म्हणजे या विद्येत आपला देश प्रारंभापासून सहभागी आहे.

कोल्हापूरच्या पूर्वेस विद्यानगरात शिवाजी विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेने या आवारात असे एक रडार उभारले, आणि १९९९ पासून त्याने नोंदी घेण्यास आरंभ केला. याच जातीचे दुसरे रडार त्या संस्थेने तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ १९९२ मध्ये उभारले होते. विद्यापीठाच्या वाटेने येणाऱ्या-जाणाऱ्या माणसास त्यात पाहण्यासारखे काही वाटू नये, असेच त्याचे रूप: फिरणारी मोठी तबकडी नाही, घुमट नाही, खांब आणि त्यांवरून ताणलेल्या तारा, इतकेच. धुणे वाळत घालण्याकरिता कोणी सोय केली आहे काय, अशी शंका यावी!

याचे कार्य असे चालते. सुमारे १.९८ मेगाहर्ट्झ कंपनसंख्येच्या रेडिओ लहरींचा ठोका सरळ वर सोडावयाचा. या लहरीची लांबी सुमारे दीडशे मीटर असते. म्हणून तारांचा पसाराही मोठा लागतो. ठोक्याची शक्ती पंचवीस हजार वॉट, म्हणजे दहा वॉटचे अडीच हजार दिवे एकदम लावावेत तेवढी, पण ती केवळ निमिषार्धापुरती. वर साठ किलोमीटरांपासून पुढे सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी हवेच्या कणांतून इलेक्ट्रॉन सुटे केलेले असतात. लहर तेथे पोहोचली की तिचा अत्यल्प अंश परत फिरतो. नव्वद किलोमीटर जाऊन परत येण्यास प्रकाशाच्या वेगाने सेकंदाचा सहा दशसहस्रांश एवढा काळ लागतो. जेवढा विलंब अधिक, तेवढी उंची अधिक. उंची मोजण्याचे गणित चौथीतील मुलासही करता यावे, इतके सोपे आहे.

वाऱ्याचे गणित मात्र थोडे अधिक मौजेचे आहे. श्रावणात उसाच्या फडांवरून ढगांच्या सावल्या सरकत जाताना आपण पाहतो. शेताच्या तीन कोपऱ्यांवर तीन माणसे घड्याळे घेऊन उभी राहिली, आणि सावली आपल्यापाशी केव्हा आली ते प्रत्येकाने टिपले, तर ढगाकडे मान वर न करताही वारा कोणत्या दिशेने आणि किती वेगाने वाहतो, हे सांगता येईल. रडारही हेच करते. परत आलेली लहर झेलण्यासाठी त्रिकोणाच्या तीन कोनांवर तीन अँटेना असतात. वरची हवा खळबळलेली असल्यामुळे लहरीचे जमिनीवर फिकट-गडद असे ठिपके पडतात. वर वारा वाहू लागला की हे ठिपके जमिनीवरून सरकतात, आणि तिन्ही ठिकाणी किंचित अंतराने पोहोचतात. त्यावरून त्यांचा वेग निघतो. त्या वेगाची निमपट केली की वाऱ्याचा वेग मिळतो. निमपट कशासाठी? रात्री जमिनीवर समई ठेवून, ज्योत आणि आढे यांच्या बरोबर मध्ये हात हालवून पाहावा. हात एक वीत सरकला की आढ्यावरची सावली दोन विती सरकते. रडारची समईही जमिनीवरच आहे. फरक एवढाच की, सावली आढ्यावर न पडता फिरून जमिनीवरच पडते.

या रीतीने जे वारे दिसले, ते आपल्या कल्पनेहून वेगळे आहेत. जमिनीवर एकशेआठ किलोमीटर वेगाने वारा सुटला, तर त्यास वादळ म्हणून नाव द्यावे लागते. वर तो नित्याचा व्यवहार आहे. तेथील हवा जमिनीवरच्या हवेच्या सुमारे तीन दशलक्षांशच दाट असल्यामुळे, त्या वादळाने दिव्याची ज्योतही हलणार नाही, ही गोष्ट निराळी. विषुववृत्तानजीकच्या पट्ट्यात ऐंशी किलोमीटरांच्या आसपास पूर्व-पश्चिम वाहणारा वारा वर्षातून चार वेळा आपली दिशा पालटतो. खाली आपण उन्हाळा, पावसाळा, हिवाळा मोजीत असतो. वरच्या वाऱ्याचे अयन आणि विषुव यांना धरून चालणारे पंचांग स्वतंत्र आहे.

तथापि वरचे आणि खालचे यांचा संबंध अगदी तुटलेला नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत वायुभारमापक असतो. त्याचा पारा रोज सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास किंचित चढतो, आणि दुपारी व पहाटे चारच्या सुमारास उतरतो. चढउतार फार तर दोन मिलिमीटरांचा. पण समुद्राच्या भरती-ओहोटीसारखा नियमित. ही हवेची भरती होय. तिचे मुख्य कारण चंद्र नसून सूर्याची उष्णता आहे. भरतीची ही लाट वर वर जाते, आणि हवा विरळ होत जाते तशी ती वाढत जाते. हवा दशलक्षपट विरळ झाली, आणि लाटेची शक्ती तेवढीच राहिली, तर तिचा वेग सहस्रपट व्हावा लागतो. चाबकाची मूठ जाड असते आणि टोक बारीक. मुठीशी मनगट किंचित हलते आणि टोकाशी फटकारा उडतो. वैशाखात करवीर भागात वळवाचा पाऊस कोसळतो, सह्याद्रीच्या माथ्यावर वारा आपटतो, त्यांच्याही लहरी अशाच वर चढतात, आणि समुद्राची लाट किनाऱ्यावर फुटावी तशा ऐंशी-नव्वद किलोमीटरांवर फुटून तेथील वाऱ्याला ढकलतात.

सूर्याचा हा व्यवहार कोल्हापूरकरांना निराळ्या रीतीने परिचित आहे. अंबाबाईच्या देवळात वर्षातून दोनदा, कार्तिकाच्या व माघाच्या सुमारास, मावळतीचे किरण गाभाऱ्यात शिरून देवीच्या चरणांपासून मुखाकडे चढतात. ते किरण मावळले की आपण सूर्यास्त झाला म्हणतो आणि परत फिरतो. पण नव्वद किलोमीटर उंचीवर त्यानंतरही सुमारे चाळीस मिनिटे ऊन असते. मग तेथेही अंधार होतो, खालचा विद्युद्भारित थर विरतो, आणि दिवसा तो गिळून टाकीत असे त्या दूरदूरच्या मध्यमलहरी केंद्रांचे आवाज रात्री आपल्या रेडिओवर येऊ लागतात. ज्या घरांनी १९५२ नंतर बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवरील गीतमालेसाठी यंत्राभोवती कोंडाळे केले, त्यांना तो आवाज मध्येच मंदावणे आणि पुन्हा उचलणे आठवत असेल. ती यंत्राची खोडी नव्हती. ज्या आयनांबरावर आपटून तो आवाज समुद्र ओलांडून येई, ते आयनांबरच हलत असे.

आता प्रारंभीच्या आकड्याकडे वळू. ९७ आणि १०० यांच्या मेळावरून भास्कराचार्यांनी वातावरणाची उंची मोजली होती, असे म्हणता येईल काय? आमचे उत्तर, येत नाही. योजनाची लांबी आठ किलोमीटर आम्ही काढली ती पृथ्वीचा परिघ बरोबर धरून काढली. आर्यभटांनी पृथ्वीचा व्यास १०५० योजने मानला आहे. त्यांचे योजन घेतले, तर ते बारा किलोमीटरांवर जाते आणि बारा योजने सुमारे १४५ किलोमीटर होतात. शिवाय ज्या वाक्यात बारा योजने आहेत, त्याच वाक्यात मेघ आणि विद्युतही आहेत. आणि मेघ तर दोन-सव्वादोन योजनांच्या वर क्वचितच जातात. त्याच्याच पुढे ग्रहनक्षत्रांना फिरविणारा प्रवह वायू आहे. तो तर मुळीच नाही. एका ओळीतला आकडा उचलून मिरवावयाचा आणि शेजारची ओळ झाकून ठेवावयाची, हे पांडित्य नव्हे. दुकानदाराने वरच्या थरात चांगले आंबे मांडण्यासारखे ते आहे. आचार्यांचा गौरव करण्याची ही रीत आचार्यांनाच मान्य झाली नसती.

कारण दुसऱ्या पक्षालाही सांगण्यासारखे येथे काही आहे. याच गोलाध्यायात यंत्राध्याय नावाचे प्रकरण आहे. शंकू, घटी, चक्र, चाप, तुरीय, फलक अशी यंत्रे त्यात वर्णिली असून, सर्वांत श्रेष्ठ यंत्र म्हणून आचार्यांनी धीयंत्र, म्हणजे बुद्धी, सांगितले आहे. धीयंत्राचा अर्थ डोळे मिटून बसणे असा मात्र नव्हे. हातात एक साधी काठी घेऊन दूरच्या बांबूची उंची आणि अंतर कसे काढावे, हे त्यांनी तेथेच शिकविले आहे. जेथे हात पोहोचत नाही तेथली वस्तू जमिनीवर उभे राहून मोजावयाची, ही तीच दृष्टी होय. विद्यापीठाच्या माळावर तीन कोनांवर अँटेना उभ्या करणारा अभ्यासक आचार्यांच्या बारा योजनांचा वारस नाही. त्यांच्या काठीचा वारस आहे. सारे टाकाऊ म्हणणाऱ्या तरुणाने हे प्रकरण वाचावे, अशी आमची विनंती आहे.

आणखी एक गोष्ट. चाळीसगावाजवळ पाटण येथे शके ११२८ च्या सुमाराचा, म्हणजे इ. स. १२०७ चा, एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनाकरिता तेथे मठ स्थापिला, आणि त्याच्या योगक्षेमासाठी उत्पन्ने लावून देण्यात आली, असे त्यात कोरलेले आहे. म्हणजे विद्या चालू राहावयाची तर नुसता अभिमान पुरत नाही, पिढ्यानुपिढ्या खर्चाची तरतूद करावी लागते, हे त्या नातवास समजले होते. आजच्या नातवांना ते समजते काय, हा आमचा खरा प्रश्न आहे.

कारण असल्या कामाचे फळ लवकर मिळत नाही. मुंबईस कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होऊ लागली. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने सुया विचलित होणार, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागेस नेले; पण नोंदीची शृंखला तुटू दिली नाही. ना. फ. मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचा अभ्यास करून १९१० मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरील उत्पातामुळे पृथ्वीवर मोठे चुंबकीय वादळ झाले. त्या दिवशी कुलाब्याच्या निरीक्षकांनी सुया सुमारे सोळाशे नॅनोटेस्लांनी उतरल्याचे वहीत लिहून ठेवले. त्या वहीवरून त्या वादळाचे खरे स्वरूप मांडणारा निबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत कुलाबा-अलिबागचा वारसा सांभाळणाऱ्या भूचुंबकत्व संस्थेचेच शास्त्रज्ञ होते. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये १४४ वर्षे गेली. त्या लेखनिकाला घरी कोणी विचारले असेल, ‘याचा उपयोग काय?’, तर त्याने काय उत्तर दिले असेल?

आज उपयोग सांगता येतो. सूर्यास्तानंतर दक्षिणेकडे चुंबकीय विषुववृत्तावर आयनांबरात विरळ विद्युद्वायूचे फुगे उठतात, आणि चुंबकीय रेषांना धरून कोल्हापूरच्या अक्षांशापर्यंत ताणले जातात. विद्यापीठाच्या आवारातून रात्रीच्या आकाशाचे अत्यंत मंद तेज टिपून त्यांच्या गतीचा अभ्यास झालेला आहे. हे फुगे आड आले की उपग्रहांवरून येणारे दिग्दर्शनाचे संकेत लुकलुकतात, आणि विमानाची वा जहाजाची जागा सांगणाऱ्या यंत्रात चूक येते. परंतु उपयोग आधी ठरवून ज्ञान मिळविण्याची सक्ती केली असती, तर १८५९ ची ती वही कोरीच राहिली असती.

पदार्थविज्ञान शिकू इच्छिणाऱ्या मुलास वा मुलीस घरातील वडीलधारी मंडळी अभियांत्रिकीकडे वळवितात, आणि तीच मंडळी सायंकाळी पूर्वजांच्या विज्ञानाचे गोडवे गातात, हे आम्ही अनेक घरांत पाहतो. पोटापाण्याची चिंता खोटी नाही, हेही आम्ही जाणतो. पण घरात दहा माणसे कमावती असताना एकाने पन्नास वर्षांनी उपयोगी पडणारे काम केले, तर कुटुंब बुडत नाही. एकत्र कुटुंबाचा काही लाभ असेल, तर तो हाच.

तोवर एक लहानसा उद्योग सुचवून हे प्रकरण संपवितो. सरळ कडांचे एक भांडे अंगणात किंवा गच्चीवर उघड्यावर ठेवावे. सकाळी साडेआठ वाजता, हवामान खात्याच्या वेळेस, त्यातील पाणी पट्टीने मिलिमीटरांत मोजावे आणि तारखेसह वहीत लिहावे. एक दिवस सुपारी कातरणाऱ्या काकांनी मोजावे, एक दिवस त्या तरुणाने. पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिहावे. तो दिवस कोरा सोडू नये. ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत ही वही न चुकता भरली, तर दिवाळीच्या पंक्तीला त्या दोघांत वाद होईलच. पण निदान त्या वेळी समोर एक वही असेल.